न थांबता पाहिलेली वाट

मार्च संपत आला की माझ्या टेबलावर जर्नलांचा डोंगर उभा राहतो. वर्षभर ज्यांची तोंडं दिसली नाहीत अशी मुलं अचानक कमालीच्या आदबीने दारात येतात आणि "मॅडम, फक्त एक सही" म्हणतात. जर्नलांना ब्राऊन पेपरचा, डिंकाचा आणि झेरॉक्सचा मिळून एक वास असतो. लॅबमधला एसी नेमका याच महिन्यात अंग टाकतो. बाहेर गुलमोहर लाल व्हायच्या बेतात असतो, चौकात जयंतीच्या कमानीसाठी बांबू येऊन पडलेले असतात, आणि भर दुपारी कुणीतरी स्पीकरवर "चेक, चेक" करत असतं. त्या आवाजात माझी मुलं प्रोसेसची व्याख्या पाठ करतात. कुणाला आंब्याचा मोहर आवडतो, कुणाला थंडी. मला हा ऋतू आवडतो, आणि हे कुणाला सांगितलं तर लोक माझ्याकडे जरा काळजीने बघतात.

अंबरनाथच्या एका कॉलेजात मी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. परवा लॅबमध्ये एक मुलगी कपाळाला हात लावून बसली होती. म्हणाली, "मॅडम, पॅरेंटला वेट करायला लावलं ना, तर तो नुसता बसूनच राहतो. अख्खा शेल अटकला. आता काय करू?" मी तिच्या स्क्रीनकडे पाहिलं आणि मला हसू आलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी मीही अशीच बसले होते आणि माझाही असाच अटकला होता.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, घाबरू नका. संगणकाच्या पोटात कर्नल नावाचा एक कारभारी असतो. कुणाला किती वेळ काम करू द्यायचं, कोण जिवंत आहे, कोण संपलं, याची सगळी नोंद त्याच्याकडे. चालू असलेल्या प्रत्येक कामाला प्रोसेस म्हणतात. एक प्रोसेस दुसरीला जन्माला घालते, याला फोर्क म्हणतात, मग तिला काम सांगते आणि धाडून देते. धाडणारी ती पालक, गेलेलं ते मूल. आता मूल काम करून संपेपर्यंत पालकाने काय करायचं? साधी रीत अशी, की कारभाऱ्याला सांगून झोपी जायचं: मूल संपलं की उठव. तोवर सगळं ठप्प. दुसरी रीत अशी, की कारभाऱ्याला नुसतं विचारायचं, "झालं का कुणाचं?" तो "नाही" म्हणाला तर "बरं" म्हणून आपल्या कामाला लागायचं. मग थोड्या वेळाने परत विचारायचं. पुस्तकात या दुसऱ्या रीतीला एकच पान दिलेलं आहे. मला ते पान समजायला माझं एक वर्ष पणाला लावावं लागलं.

तेव्हा आम्ही उल्हासनगरात, कॅम्प एकला एका बराकीत राहायचो. एक खोली, पुढे पत्र्याचा पडवीसारखा आडोसा. बाबा अंबरनाथला कारखान्यात शिफ्टमध्ये होते. ते घरी असले की झोपलेले असत. आणि आई धागा कटिंगचं काम बघायची. कॅम्प दोनमधल्या एका कारखान्यात जीन्स शिवून तयार होत. शिवलेल्या पॅन्टला जागोजागी दोऱ्यांची शेपटं लोंबत असतात. ती कापून पॅन्ट स्वच्छ करायची, याला धागा कटिंग म्हणतात. आई कारखान्यातून पॅन्टींची बंडलं आणायची, आमच्या गल्ल्यांतल्या आठ घरी वाटायची, आणि तयार झाली की गोळा करून परत पोचवायची. आठ घरच्या बायका घरकाम सांभाळून कापत बसत. निळी कस, म्हणजे दोऱ्यांचा बारीक भुगा, सगळीकडे उडायची. आईच्या भुवयांवर असायची, चादरीवर असायची, कधी कधी भातातसुद्धा सापडायची. लोकांच्या लहानपणाला मातीचा वास असतो म्हणतात, माझ्या लहानपणाला कोऱ्या डेनिमचा आहे.

आईची फेरी बघण्यासारखी असे. ती कुणाच्या उंबऱ्याच्या आत जायची नाही. दारात उभी राहून एकच विचारायची, "झालं का?" आतून "नाही ग, पोराला ताप आहे" असं आलं की "बरं" म्हणायची आणि पुढच्या दारी. चिडणं नाही, बसणं नाही, चहा नाही. झालं असेल तर बंडल उघडून दोन-चार पॅन्टींचे पाय उलटे करून बघायची, चिंधीने परत बांधायची आणि डोक्यावर घ्यायची. एका फेरीत जेवढ्यांचं झालं असेल तेवढं सगळं उचलायचं, हा तिचा नियम. एकीचं घेतलं आणि दुसरीचं उद्या, असं नाही. मी एकदा विचारलं, "एवढं ओझं एकदम कशाला? उद्या आणलं तर चालत नाही का?" ती म्हणाली, "अगं, त्यांच्याकडे एक खोली. काम संपलेलं बंडल तसंच पडून राहिलं तर माणसानं पाय कुठं पसरायचे?" मग घरी येऊन भाकऱ्या टाकायची, पाणी भरायची, आणि परत फेरीला. दिवसात तीन-चार फेऱ्या. कुणासाठी थांबलेली मी तिला कधी पाहिली नाही.

यात मीही आले. तेच माझं दुखणं होतं.

माझी मैत्रीण भाविका सिंधी. तिची मम्मी दर पेपरला कॉलेजच्या गेटसमोर पायरीवर रुमाल अंथरून तीन तास बसायची. जवळ थंड पाण्याची बाटली, डब्यात सँडविच, हातात जपमाळ. घंटा झाली की उठून उभी राहायची आणि आम्ही दिसलो रे दिसलो की, "बेटा, कैसा गया? सब आया ना?" सँडविच दोन असायची, एक माझ्यासाठी. "ले ना, तू भी तो सुबह से भूखी है." मी ते खायचे आणि खाताना मला रडू यायचं. सँडविच चांगलं असायचं म्हणूनच जास्त. गेटवर सगळ्यांचं कुणी ना कुणी असे, नारळपाणी घेऊन, छत्री घेऊन. माझं कुणी नसे. पहिल्या वर्षी मी आईला म्हटलं होतं, "एकदा तरी ये ना गेटवर." ती म्हणाली होती, "मी येऊन तुझा पेपर लिहिणारे का?" पुन्हा मी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला मी आपटले. एक छोटा शेल लिहायचा होता: माणसाने हुकूम द्यायचा, शेलने तो मुलाकरवी करून घ्यायचा. लांबणारं काम असेल तर ते मागे चालू ठेवायचं आणि माणसाला पुढचा हुकूम देऊ द्यायचा. माझा शेल मुलाला कामाला लावून स्वतः झोपला तो झोपलाच. पुढचा हुकूम घेईना. मी स्क्रीनसमोर तीन तास तो उठायची वाट बघत बसले. आम्ही दोघांनी मिळून नापास होऊन दाखवलं.

आता एप्रिलात तीच प्रॅक्टिकल पुन्हा द्यायची होती. या वेळी गेली तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर पुढे शिकवण्याची ताकद घरात नव्हती. मीही कैची घेऊन नवव्या घरासारखी बसणार, हे न बोलता सगळ्यांना माहीत होतं. निकाल सांगितला तेव्हा आईने बंडल बांधता बांधता विचारलं, "परत देता येते?" मी म्हटलं, "हो." "मग परत दे," म्हणाली आणि फेरीला निघून गेली. मला पास व्हायचं होतं हे खरंच. पण खरं सांगायचं तर त्या ऋतूत मला त्याहूनही एक गोष्ट जाणून घ्यायची होती: माझ्या पास-नापासाची हिला पडलेली तरी आहे का?

तो एप्रिल मला अजून अंगावर आठवतो. दुपारी पत्रा तापून कडकड वाजायचा. मी ओल्या फडक्यावर पाय ठेवून पुस्तक वाचायचे. गल्लीत जयंतीच्या मिरवणुकीचा सराव चालायचा. ढोलाच्या तालावर मी फोर्क आणि वेट पाठ केलं आहे. आईने पांढरी साडी धुऊन, नीळ घालून, दोरीवर वाळत टाकली होती, तिच्यावरही निळी कस बसली म्हणून तिने परत धुतली. भाविकालाही ती प्रॅक्टिकल द्यायची होती. तिच्या घरी संगणक होता म्हणून ती बोलवायची, पण वीज कधी जाईल याचा नेम नसे. मग आम्ही कागदावर प्रोग्राम लिहून एकमेकींचा तपासायचो. दुसऱ्या रीतीचं ते पान मी वाचलं होतं. पालक झोपत नाही, नुसता विचारतो. मी लगेच तसं लिहिलं: विचार, विचार, विचार. भाविकाच्या संगणकावर चालवलं तर त्याचा पंखा इतका घोंघावला की तिची मम्मी स्वयंपाकघरातून धावत आली. "अरे, ये फटेगा क्या?"

चूक काय होती ते मला आता दर वर्षी मुलांच्या वहीत दिसतं. न थांबता विचारायचं म्हणजे मध्ये दुसरं काहीच न करता विचारत सुटायचं, असं त्यांना वाटतं. पण ते तर झोपण्यापेक्षा वाईट. झोपलेला निदान कुणाची वीज खात नाही. विचारणं आणि विचारणं यांच्या मध्ये स्वतःचं काम असलं पाहिजे, तरच त्या विचारण्याला अर्थ. मला हे प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी सुचलं आणि पुस्तकातून नाही सुचलं. मी आंघोळीला पाणी काढत होते, आणि आई समोरच्या दारात उभी राहून "झालं का?" विचारून, "बरं" म्हणून पुढे गेली. रोज पाहिलेली गोष्ट. मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. पुढचा हुकूम घेण्याआधी एकदा विचारायचं. झालं असेल तर उचलायचं, नसेल तर हुकूम घ्यायचा. एवढंच.

आई आता माझ्याकडे चिखलोलीला असते. इथे नवं रेल्वे स्टेशन होणार, होणार, असं आम्ही फ्लॅट घेतला तेव्हापासून ऐकतोय. बिल्डरने तर ते झाल्यासारखंच सांगितलं होतं. आई रोज सकाळी भाजीला निघाली की वॉचमनला विचारते, "झालं का रे स्टेशन?" तो म्हणतो, "नाही, मावशी." ती "बरं" म्हणते आणि भाजीला जाते. आमच्या सोसायटीतले निवृत्त काका लोक त्याच स्टेशनपायी रक्तदाब वाढवून बसलेत. वाट सगळ्यांनाच बघावी लागते, पण ती अंगाला लावून घ्यायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आईने ते फार पूर्वी ठरवलं असावं, असं मला वाटायचं.

तर प्रॅक्टिकल. बाहेरून आलेले परीक्षक उंच, शांत, पेनाचं टोपण चावायची सवय असलेले. माझा शेल चालला. मागे एक काम लावलं, पुढचा हुकूम घेतला, मागचं संपल्यावर शेलने तसं सांगितलं. मी सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात सरांनी स्वतः कळफलक घेतला आणि मागे एकाच वेळी दोन कामं लावली. दोन्ही संपेपर्यंत थांबले. मग एन्टर दाबला. शेलने एकच संपल्याचं सांगितलं. सरांनी दुसऱ्या खिडकीत चालू कामांची यादी काढली. तिथे माझं एक मूल मेलेलं आणि तरी यादीत नाव असलेलं, तसंच पडून होतं.

"हे काय?" सर म्हणाले.

"सर, ते झॉम्बी."

"ते मलाही दिसतंय. ते का राहिलं? काम तर संपलंय त्याचं."

मूल संपलं तरी कारभारी त्याचं नाव खोडत नाही. ते कसं संपलं, नीट की बिघडून, हे पालकाने येऊन विचारेपर्यंत तो तेवढं जपून ठेवतो. खात काही नाही, पण जागा अडवतं. हे मला पाठ होतं, पण हेच एक का राहिलं? मी स्क्रीनकडे बघत राहिले आणि मला दिसली ती एका खोलीत भिंतीला टेकून ठेवलेली तयार पॅन्टींची चळत. माणसानं पाय कुठं पसरायचे?

"सर, दोन झाली होती. मी एकच उचललं," मी म्हणाले. "एका फेरीत जेवढी झाली असतील तेवढी सगळी उचलायला पाहिजेत. मी 'झालं का' एकदाच विचारलं. कुणी उरलं नाही असं उत्तर येईपर्यंत विचारायला पाहिजे होतं."

"मग करा."

एक शब्द बदलायचा होता. 'जर'च्या जागी 'जोवर'. मी बदलला. सरांनी आता तीन कामं लावली, तिन्ही संपू दिली, एन्टर दाबला. तिन्ही उचलली गेली, यादी स्वच्छ. त्यांनी टोपण तोंडातून काढलं. "फेरी हा शब्द कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही, सर. आमच्या घरी आहे."

ते हसले आणि माझ्या जर्नलवर सही करत म्हणाले, "जा. ही प्रॅक्टिकल द्यायला परत येऊ नका."

लॅबच्या दारात चपला सांभाळायला एक मावशी बसत. मी चप्पल शोधत होते तर त्या म्हणाल्या, "झालं का ग? तुझी आई येऊन गेली."

मला वाटलं त्या दुसऱ्या कुणाच्या आईबद्दल बोलतायत.

"निळी निळी कस असते बघ अंगावर, ती तुझीच ना? तीनदा आली आज. 'झालं का?' म्हणते. मी म्हटलं, नाही अजून. 'बरं' म्हणते आणि चालली. बस म्हटलं तर बसत नाही. दर पेपरला असंच. पहिल्या वर्षापासनं बघतेय मी. तुला म्हाईत नाय?"

मला माहीत नव्हतं. तीन वर्षं मी गेटवर तिला शोधत होते, आणि ती मधल्या वेळात मागच्या जिन्याने येऊन जात होती. मी चपला अडकवल्या आणि निघाले. गेटवर भाविकाची मम्मी हात करत होती, सँडविचचा डबा उघडा होता. "आती हूँ आंटी" म्हणून मी पळाले. बराकीत आई नव्हती. पहिल्या घरी गेले, तर "आत्ताच गेली." दुसऱ्या घरी, "बंडल घेऊन गेली बघ." तिसऱ्या, चौथ्या दारातही तेच. आयुष्यात पहिल्यांदा मी दारोदार माझ्या आईला विचारत फिरत होते. ऊन असं होतं की डांबराला चप्पल चिकटत होती.

पाचव्या घरानंतरच्या वळणावर ती दिसली. एका बंद दुकानाच्या पायरीशेजारी, डोक्यावर दोन बंडलं. मला पाहिलं आणि पॅन्टींचं विचारायची त्याच आवाजात विचारलं, "झालं का?"

"झालं. पास होईन. सर म्हणाले परत येऊ नको."

"बरं," ती म्हणाली.

"तू आली होतीस कॉलेजवर?"

"रस्त्यात होतं, डोकावले."

"आई, कॉलेज तुझ्या रस्त्यात नाहीये. कारखाना या बाजूला, कॉलेज त्या बाजूला. तीनदा आलीस. दर पेपरला येतेस. मग थांबत का नाहीस ग? मला वाटायचं…"

तिने डोक्यावरचा भार सावरला. मग म्हणाली, "थांबून काय करू? तू आत, मी बाहेर. नुसतं बसलं की छाती धडधडते माझी. हातपाय गार पडतात. चालत राहिलं की जरा बरं असतं."

माझी आई घाबरत होती. तीन वर्षं, प्रत्येक पेपरला, माझ्याइतकीच. हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचलंही नव्हतं.

तिने डोक्यावरची बंडलं उतरवून पायरीवर ठेवली आणि त्यांच्याशेजारी बसली. पदराने तोंड पुसलं, बाजूची जागा हाताने झटकली.

"बस इथं," ती म्हणाली. "आता सांग. पहिल्यापासून."

मी सांगू लागले. फोर्क म्हणजे काय इथपासून, तिला कळो न कळो, सगळं सांगितलं. पुढच्या तीन घरांच्या बायका आमच्यासमोरून पाणी घेऊन गेल्या, एक तर थांबून म्हणालीसुद्धा, "अगं, माझं झालंय ना." आईने तिला हातानेच थांब म्हटलं आणि माझ्याकडे बघत राहिली. त्या दुपारी तिची तीन घरं राहिली.